अकॉर्डियनचा भाता बंद ठेवायचे पट्टे: टिचबटण, खुंटी, चुंबक की आणखी काही?

निवांत_वादक

नमस्कार मंडळी,

वापरलेलं, बरंच जुनं १२० बेसचं (डाव्या हाताला १२० बटणं असलेलं) पियानो अकॉर्डियन हाती आलंय. सूर ठीक आहेत, भाता हवा धरतो, कुठली कळ अडकत नाही. दुखणं एकच. भाता मिटून ठेवायला वर आणि खाली जे दोन चामडी पट्टे असतात, त्यातला खालचा भरवशाचा नाही. लावताना 'टिच' असा आवाज व्यवस्थित येतो, पण खांद्याच्या पट्ट्याला धरून वाद्य उचललं की सुटतो. मग बेसची बाजू हळूहळू खाली सरकायला लागते. घाईनं तिला धरायला जावं तर हाताखाली बेसची बटणं दाबली जातात, हवेला वाट मिळते आणि ती आणखीच जोरात उघडते. वर तो बेसूर हुंकार फुकट!

प्रश्न असे: आहे तेच टिचबटण दुरुस्त करावं का? की काही वेगळी रचना बसवावी? चुंबकाचे पट्टे मिळतात असं ऐकलंय. कुणी वापरलेत का?

खटपट्या

नवा पट्टा मागवायच्या आधी नेमकं काय हरतंय ते बघून घ्या. टिचबटणाचे दोन भाग असतात. पट्ट्यावर असते ती वाटी, वाद्याच्या अंगात स्क्रूनं बसवलेला असतो तो मणी. वाटी उलटी करून उजेडात धरा. आत दोन बारीक तारा समांतर दिसतील किंवा एक चिरलेली गोल कडी दिसेल. तीच स्प्रिंग. मण्याच्या मानेत ती जाऊन बसते तेव्हा 'टिच' होतं. तारा फाकल्या असतील किंवा मण्याचं डोकं घासून निमुळतं झालं असेल, तर आवाज येईल पण पकड येणार नाही.

दुसरी जागा म्हणजे वाटीभोवतीचं चामडं. जुन्या पट्ट्यात ते भोकाशी ताणून लांबट होतं, वाटी आतल्या आत डुलते. तिसरी जागा, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा दोष सापडतो तो इथेच: मण्याचा स्क्रू. बोटानं मणी हलवून बघा. हलला तर वाटीला दोष देऊन उपयोग नाही.

शंकासुर

वाचतोय. एक बाळबोध शंका: वाद्य वाजवत नाही तेव्हा भाता बंद असलाच पाहिजे असं काय आहे? जमिनीवर ठेवलं की आपोआप मिटलेलंच राहतं ना?

आडवा_छेद

@शंकासुर, पायांवर उभं ठेवलं असेल तर बऱ्यापैकी राहतं. अकॉर्डियनच्या तळाला बुटके पाय असतात, दोन्ही अर्ध्या भागांना. तसं ठेवल्यावर भाता उघडायची दिशा आडवी असते, गुरुत्वाकर्षण त्याला ओढत नाही, आणि पट्ट्यांना जवळपास काही काम उरत नाही. खरा भार येतो तो उचलताना. १२० बेसचं वाद्य साधारण १० ते १२ किलोचं. उजव्या बाजूला जोडलेल्या खांद्याच्या पट्ट्याला धरून उचललं की बेसची बाजू, म्हणजे जवळपास निम्मं वजन, भात्याला लोंबकळतं. हे वजन दोन पट्ट्यांनी पेलायचं असतं. निवांतरावांच्या वाद्यात एकच पट्टा पेलतोय.

आता धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे. यात जोर कुठल्या दिशेनं येतो तेवढं कळलं की बाकी सगळं सोपं आहे. भाता उघडू बघतो तेव्हा पट्टा स्वतःच्या लांबीत ताणला जातो. म्हणजे बटणावर येणारा जोर आडवा, मणी वाटीच्या कडेवर रेटला जातो. बोटानं उघडताना मात्र आपण पट्टा टोकाकडून सोलतो. तेव्हा चांगल्या रचनेची कसोटी एवढीच: लांबीत ओढून सुटता कामा नये, सोललं की सहज सुटलं पाहिजे. टिचबटण दोन्हींत पास होतं, म्हणून ते इतकी वर्षं टिकलंय.

साध्या चपट्या चुंबकांचा घोळ नेमका इथेच होतो. दोन चुंबक समोरासमोर ओढून काढायला ताकद लागते, पण एकमेकांवरून सरकवायला फारच कमी. आणि पट्ट्यावर येणारा जोर सरकवणाराच आहे! एकात दुसरं रुतेल अशी खोलगट बैठक असेल, कडेला धातूचा काठ असेल, तरच चुंबकी पट्ट्याला अर्थ. मग भार काठ पेलतो आणि चुंबक फक्त जागेवर धरतो. घेताना जाहिरातीतला 'इतके किलो' हा आकडा बघू नका, तो सरळ ओढण्याचा असतो. बैठक खोलगट आहे का ते बघा.

मंद्रमध्य

आडवा_छेद, नाव सार्थ केलंत :)

वाजवणारी म्हणून थोडी भर. पट्टे बिघडण्याचं मोठं कारण म्हणजे ते लावायची पद्धत. पुष्कळजण भाता पूर्ण मिटायच्या आधीच पट्टा ओढून ताणून बटणावर आणतात. डाव्या अंगठ्याशी हवेचं बटण असतं ते दाबून धरा, भाता शेवटच्या घडीपर्यंत मिटू द्या, मग सोडा. हे न करता नुसतं ढकललं तर आतली हवा जायला जागा नसते, भाता उशीसारखा फुगून राहतो आणि पट्ट्याला ती हवा दाबायचं काम लागतं.

वाद्य अजून खांद्यावर असतानाच दोन्ही पट्टे लावायचे आणि मगच ते अंगावरून उतरवायचं. घेताना उलट: आधी अंगावर, डावा हात बेसच्या पट्ट्यात, मग बटणं सोडायची. खालचा पट्टा बसल्यावर दिसत नाही, तो बोटांनी चाचपून लावायची सवय करावी लागते. म्हणूनच लोक वरचा लावून 'चालेल' म्हणतात. नाही चालत. एकच पट्टा लावलेला भाता दुसऱ्या टोकाला पंख्यासारखा फाकतो, घड्यांचे कोपरे पिळले जातात, आणि भात्याची चौकट जिथे पिनांनी अंगाला जोडलेली असते तिथे ओढ बसते. कोपऱ्यांतल्या चामड्याच्या बारीक कळ्या एकदा फाटल्या की दुरुस्ती किचकट असते. पट्टा बदलणं त्यापुढे काहीच नाही.

शंकासुर

ताई, मग हार्मोनियमच्या भात्याला असते तशी पितळी कडी का नाही लावत? ती तर जन्मभर टिकते.

खटपट्या

लावतात की, लावायचे. जुन्या छोट्या बटण-अकॉर्डियनना, मेलोडियनना पितळेचे आकडेच असतात. एका बाजूला फिरता आकडा, समोर खिळ्याचं डोकं किंवा कडी. १८२९ साली सिरिल डेमियननं व्हिएन्नात पेटंट घेतलं तेव्हा अकॉर्डियन म्हणजे हातात मावणारं, मोजक्या कळांचं प्रकरण होतं. अशा हलक्या वाद्याला आकडा पुरतो.

मोठ्या वाद्याला आकडा नको, याची कारणं दोन. आकड्याची लांबी ठरलेली असते, ती पाव मिलिमीटरही कमीजास्त होत नाही. भाता मात्र पुठ्ठा, कापड आणि चामड्याचा. दमट हवेत थोडा फुगतो, कोरड्यात आवळतो, जुना झाला की घड्या दबून पातळ होतो. आज चपखल बसणारा आकडा वर्षभरानं सैल. चामडं तेवढं सांभाळून घेतं. दुसरं, वाजवताना मोकळा आकडा खडखडतो. वाजवताना उघडे पट्टेसुद्धा फडफडतात म्हणा, पण त्यावर इलाज आहे: बऱ्याच वाद्यांवर त्याच बाजूला एक जादा मणी असतो. पट्टा मागे दुमडून त्यावर टिचकवायचा. ज्यांच्या वाद्यावर हा रिकामा मणी 'कशासाठी दिलाय' कळत नाही, त्यांच्यासाठी हे उत्तर.

वादी_आणि_चीर

चामड्याचं काम करतो म्हणून आलो. टिचबटणाची स्प्रिंग कधीतरी जाणारच. स्प्रिंगच नको असेल तर गोल डोक्याची खुंटी बसवा. मधे बारीक मान, वर गोटीसारखं डोकं. पट्ट्याला भोक आणि भोकाला लागून एक चीर. डोकं भोकातून दाबून पार केलं की चामडं मानेभोवती मिटतं. यात झिजण्यासारखं चामड्याखेरीज काही नाही.

पण चीर कुठल्या बाजूला द्यायची हे महत्त्वाचं, आणि तयार पट्ट्यांतही ते चुकलेलं असतं. ताण येतो तेव्हा खुंटी भोकाच्या त्या कडेवर रेटते जी पट्ट्याच्या मोकळ्या टोकाकडे आहे. चीर तिकडे दिली तर प्रत्येक उचलण्याला ती थोडी थोडी फाटत जाणार. म्हणून चीर नेहमी पट्ट्याच्या मुळाकडे, म्हणजे तो जिथे स्क्रूनं कायमचा बसवलाय त्या दिशेला. चिरेच्या शेवटी एक बारीक गोल भोक पाडून ठेवा, म्हणजे ती पुढे पळत नाही. मोकळ्या टोकाकडे भोकापुढे निदान बोटभर चामडं सोडा.

भोक डोक्यापेक्षा लहानच हवं. नव्या चामड्यात पहिले काही दिवस खुंटी घालायला अंगठा दुखेल, ते बरोबरच आहे. पहिल्या दिवशी अलगद जाणारी खुंटी महिन्यानं आपणहून बाहेर येते.

बसल्याबसल्या

इतकी चर्चा पट्ट्यावर! मी तर लावतच नाही. वाद्य पेटीत ठेवतो, पेटी इतकी चपखल आहे की भाता हलायला जागाच नाही.

मंद्रमध्य

कॉन्सर्टिना (छोटं, भात्याचंच वाद्य) वाजवणारे तेच करतात. कॉन्सर्टिनाला बहुधा पट्टे नसतात, पेटीत दोन्ही बाजूंना ठोकळे बसवून भाता मिटलेला ठेवायची पद्धत आहे. पण कॉन्सर्टिना दोन तळहातांत धरून पेटीत ठेवता येतो. तुम्ही दहा किलोचं अकॉर्डियन पेटीत घालेपर्यंत आणि काढेपर्यंत ते कशाच्या भरवशावर मिटलेलं असतं?

बसल्याबसल्या

गुडघ्याच्या :) मुद्दा मान्य.

शंकासुर

पेटीवरून आठवलं, वाद्य पेटीत आडवं ठेवायचं की उभं?

खटपट्या

उभं, पायांवर. वाजवताना असतं त्या स्थितीत. पट्ट्यांशी याचा संबंध कमी, आतल्या झडपांशी जास्त. प्रत्येक रीडच्या (हवेनं थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या पातीच्या) पट्टीवर बारीक चामड्याच्या किंवा प्लास्टिकच्या जिभा असतात. वाद्य महिनोन्‌महिने पालथं किंवा उताणं पडून राहिलं की त्यातल्या काही आपल्याच वजनानं लोंबतात, मग सूर उशिरा बोलतो किंवा मधेच फडफडतो. आणि रीड बसवायला मेण आणि राळेचं मिश्रण वापरतात, म्हणून बंद गाडीतल्या उन्हात वाद्य ठेवू नये. भाता कितीही घट्ट बांधला तरी वितळलेलं मेण काही तो धरणार नाही.

चुंबकाबद्दल माझं मत राहिलं. रीड पोलादी असतात, त्यामुळे लोकांना वाटतं चुंबकानं सूर उतरेल. एवढ्या अंतरावरून तसं होत नाही, चुंबकाचा जोर अंतराबरोबर फार झपाट्यानं कमी होतो. मला नको वाटतो तो लोखंडी कणांमुळे. वाद्य उघडून रीड घासून सुरात लावतात तेव्हा पोलादाचा भुगा पडतो. चुंबक तो गोळा करून ठेवणार आणि कधीतरी आत सोडणार. रीडची जीभ आणि खाच यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी असते. एक कण अडकला तरी तो सूर करकरतो.

आडवा_छेद

सहमत. आणि वेल्क्रोचं नाव कुणी काढलं नाही म्हणून मीच काढतो. दिसायला गरीब, पण माझ्या कसोटीवर उत्तम उतरतं: लांबीत ओढून सुटत नाही, सोललं की सुटतं. शिवाय लांबी हवी तेवढी कमीजास्त करता येते.

मंद्रमध्य

आणि गाणं संपल्यासंपल्या शांततेत ते 'चर्रर्र'? माईकसमोर? नको रे बाबा. सरावाच्या वाद्याला ठीक. वर त्याच्या आकड्यांत कापसाचे धागे, केस, सगळं गोळा होतं आणि हळूहळू पकड जाते. बोटांत जोर नसलेल्यांना मात्र मी ते सुचवेन. किंवा टिचबटणच ठेवून पट्ट्याच्या टोकाला दीडदोन इंचांची चामड्याची शेपटी वाढवून घ्यावी. शेपटी धरून उचललं की बटण अगदी कमी जोरात सुटतं. लहान मुलांच्या वाद्यांनाही हे करावं, नाहीतर ती पट्टा उघडायला भाताच धरून ओढतात.

शंकासुर

मग इलॅस्टिकचा पट्टा? सगळीच कटकट मिटली.

आडवा_छेद

इलॅस्टिक म्हणजे भात्याला 'सावकाश उघड' अशी परवानगी देणं. वजन आलं की ते लांबणारच. चालताना वाद्याची बेसबाजू वरखाली झोके घेईल. नको.

इथेच ढिल्या पट्ट्याचाही मुद्दा येतो. शांतपणे टांगलेल्या वजनाचा जेवढा ताण, त्याच्या दुप्पट ताण तेच वजन अचानक सोडलं तर येतो. पट्टा ढिला असेल तर वजनाला आधी थोडं पडायला जागा मिळते, मग दुपटीहून जास्त. पाच किलोची बाजू, पण पट्ट्याला ती दहा-बारा किलोची वाटते. भाता हवाबंद असेल तर आत पोकळी तयार होऊन हा झटका बराचसा शोषला जातो, म्हणूनच निवांतरावांची बेसबाजू 'हळूहळू' सरकते. गळक्या भात्याच्या वाद्यात ती सरळ आदळली असती. त्यांच्या भात्याच्या तब्येतीचं हे प्रमाणपत्रच समजा.

निवांत_वादक

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. खटपट्यांनी सांगितल्याप्रमाणे तपासलं. वाटीतल्या दोन्ही तारा शाबूत आहेत. मणी मात्र बोटानं हलतोय, आणि स्क्रू फिरवला तर नुसताच फिरत राहतो, आवळत नाही. म्हणजे लाकडातलं भोक खाल्लं गेलंय. वर सेल्युलॉइडचा (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकचा) पत्रा आहे. जाड स्क्रू घालून आवळू का?

खटपट्या

थांबा, जाड स्क्रू लगेच नको. तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, लांबी. अंगाची भिंत पातळ असते आणि तिच्या पलीकडे हवेची खोली आहे. आत रीडचे ठोकळे. लांब स्क्रू पार गेला तर हवा गळेल आणि नशीब वाईट असेल तर आत काहीतरी दुखावेल. जुना स्क्रू काढून त्याच लांबीचा वापरा.

दुसरी, सेल्युलॉइड. त्यात जाड स्क्रू जबरदस्तीनं घुसवला की भोकापासून तडा जातो आणि तो लपवता येत नाही. शिवाय जुनं सेल्युलॉइड भराभरा पेट घेतं, तेव्हा तापवलेली सुई, सोल्डरिंगची कांडी असलं काही जवळ आणू नका. ॲसिटोन असलेला गोंदही नको, त्यानं पृष्ठभाग विरघळतो.

तिसरी, भोक भरायचं लाकडानंच. आगपेटीच्या काडीचं गूल तोडून टाका, काडी उभी चिरा, लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात ठासा. एक पुरली नाही तर आणखी एक पातळ फाक. वर आलेली टोकं पात्यानं सपाट कापा. दुसऱ्या दिवशी, गोंद पुरता वाळल्यावर, स्क्रूच्या दांड्याहून बारीक ड्रिलनं हातानं फिरवत मधोमध छोटं भोक घ्या आणि तोच मणी परत बसवा. मणी टेकला की थांबायचं, आणखी अर्धा फेरा मारायचा मोह टाळा.

वादी_आणि_चीर

आणि मणी काढलाच आहे तर त्याच वेळी पट्ट्याची लांबीही बघून घ्या. हवेचं बटण दाबून भाता पूर्ण मिटवा, पट्टा ताण न देता सरळ पसरा. वाटीचा मध्य मण्याच्या भोकाच्या किंचित अलीकडे यायला हवा, म्हणजे तळहातानं भाता थोडा दाबला की बटण लागतं. पलीकडे जात असेल तर चामडं ताणलंय. अशा वेळी मण्याची जागा हलवून नवं भोक पाडू नका. पट्टाच बदला किंवा त्याच्या मुळाशी स्क्रूचं भोक थोडं पुढे घ्या. चामड्याला भोकं कितीही पाडता येतात, वाद्याला नाही. बदललात तर दोन्ही एकदम बदला. जुना आणि नवा पट्टा एकत्र असले की सगळा भार नव्यावर येतो, आणि वाटी-मण्यांची मापंही निर्मात्यागणिक वेगळी असतात. दिसायला तीच, पण एकमेकांत नीट बसत नाहीत. पट्टा घेताना सोबतचा मणीही घ्या.

निवांत_वादक

पट्टा पसरून पाहिला. वरचा बरोबर येतो, खालचा मण्याच्या पलीकडे चांगला चार-पाच मिलिमीटर जातो. म्हणजे ढिलाही आणि मणीही सैल. भोक आज भरून ठेवतो, पट्टे दोन्ही नवे. शेपटीवाले मिळाले तर तेच. चुंबक रद्द.

मंद्रमध्य

तोवर पट्ट्याशिवाय उचलावं लागलं तर खांद्याच्या पट्ट्याला हात लावू नका. दोन्ही तळवे दोन्ही बाजूंच्या खाली घालून उचला, बोटं बेसच्या बटणांपासून लांब. आणि कुणी हौसेनं चिकटपट्टी लावायला आलं तर हाकलून द्या, काढताना पॉलिशचा थर बरोबर घेऊन येते. दोरीही अंगाभोवती गुंडाळू नका, ती कळांवरून जाते आणि दाबलेल्या कळांमधून भाता हवा घेत बसतो.

शंकासुर

शेवटची शंका. भोक वाळायला खरंच पूर्ण दिवस लागतो?

खटपट्या

हो. लागतो.